टाकाऊ मीठ ते दाणेदार खत : पालाशाच्या व्यापाराचा इतिहास

खताच्या गोणीला कसला आलाय इतिहास, असं विषय ऐकून काहींना वाटलं असेल. नत्र, स्फुरद, पालाश हे तीन शब्द शेतीशी संबंध असलेल्या प्रत्येक घरात माहीत असतात. नत्राबद्दल, म्हणजे युरियाबद्दल, पुष्कळ बोललं जातं. स्फुरदाबद्दल डीएपीची टंचाई झाली की बोललं जातं. पालाश मात्र तिसऱ्या नंबरवर येतो आणि तिथेच राहतो. आपल्या देशात पालाशाच्या खाणी चालत नाहीत. राजस्थानात नागौर-गंगानगरच्या पट्ट्यात साठे सापडले आहेत, पण व्यापारी उत्पादन नाही. म्युरिएट ऑफ पोटॅश, म्हणजे ज्याला आपण एमओपी किंवा नुसतंच 'लाल पोटॅश' म्हणतो, त्याची गोणी बंदरावरून येते.

आज आपण दोन गोष्टी बघणार आहोत. पहिली अशी की, जगात पालाशाची टंचाई जेव्हा जेव्हा झाली, तेव्हा जमिनीखालचा साठा संपला होता असं कधी झालं नाही. तो विकणारे हात मोजके होते. दुसरी अशी की, पालाशाचे महत्त्वाचे स्रोत आधी कुणाच्या तरी अंगणात कचरा म्हणून पडलेले होते. या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या, तर आज आपल्या साखर कारखान्यांच्या आवारात जे चाललं आहे त्याचा अर्थ लागतो.

राखेपासून सुरुवात

'पोटॅश' या शब्दातच त्याची कृती आहे. पॉट म्हणजे भांडं, ॲश म्हणजे राख. लाकडाची राख पाण्यात कालवायची, वरचं पाणी गाळून घ्यायचं आणि लोखंडी कढईत आटवायचं. तळाशी जे पांढुरकं मीठ उरतं ते पोटॅश. काच, साबण आणि कापड धुण्याचा धंदा युरोपात त्यावर चालत असे. हिशेब मात्र उरफाटा होता. टनभर लाकूड जाळलं तर हाती किलो-दोन किलो पोटॅश लागायचं. त्यामुळे जिथे जंगल भरपूर, तिथे हा धंदा : बाल्टिकचा किनारा, रशिया, पुढे उत्तर अमेरिका. अमेरिकेच्या संघराज्याने दिलेलं पहिलं पेटंट ३१ जुलै १७९० चं आहे. ते सॅम्युअल हॉपकिन्स यांना मिळालं, आणि विषय होता पोटॅश बनवण्याची सुधारलेली रीत. नव्या देशाला पहिलं संरक्षण द्यावंसं वाटलं ते राखेच्या कृतीला, यावरून तिचं बाजारातलं मोल कळतं.

आपल्याकडे राखेचा उपयोग वेगळा होता. कोकणात आणि ठाण्याच्या पट्ट्यात भाताच्या रोपासाठी 'राब' करतात. पालापाचोळा, कवळं, शेण अंथरायचं, पावसाआधी जाळायचं आणि त्या राखेत रोप टाकायचं. एकोणिसाव्या शतकात वनखात्याने फांद्या तोडण्यावर बंधनं आणली तेव्हा राबाचा प्रश्न इतका पेटला, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. राबात नेमकं काय काम करतं, यावर तेव्हाचे साहेब लोक वाद घालत राहिले. तण जळतं, माती भाजते, हे खरंच. पण रोपाला राखेतून पालाश मिळतो हेही खरं. शेतकऱ्याला त्याचं नाव माहीत नव्हतं, गुण माहीत होता.

याहून मोठी गोष्ट बिहारची. सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. गावाच्या जुन्या पांढरीतली खारी माती खरवडून, धुऊन, आटवून नोनिया समाजाचे लोक सोरा काढत. पाटण्याहून तो गंगेतून कलकत्त्याला आणि तिथून जहाजाने युरोपला जाई. डच, इंग्रज, फ्रेंच सगळे त्याच्यामागे, कारण तोफेची दारू सोऱ्याशिवाय बनत नाही. प्लासीनंतर १७५८ मध्ये बिहारच्या सोऱ्याची मक्तेदारी इंग्रज कंपनीने मीर जाफरकडून मिळवली. म्हणजे बघा, आज जो देश पालाशासाठी बंदराकडे डोळे लावून असतो, तो एकेकाळी पालाश जगाला पुरवत होता. फक्त तो शेतात न जाता युद्धात जात होता.

स्टासफुर्टचा ढिगारा

आता जर्मनीकडे जाऊ. १८४० मध्ये लीबिग यांचं शेतीच्या रसायनशास्त्रावरचं पुस्तक आलं. पीक जमिनीतून खनिजं उचलतं आणि ती परत दिली नाहीत तर जमीन हटते, हा विचार त्यांनी ठामपणे मांडला. पण परत द्यायचं म्हटलं तर पालाश आणायचा कुठून? राख पुरणार नव्हती.

त्याच सुमाराला प्रशियाचं सरकार स्टासफुर्ट या गावी मिठासाठी जमीन खोदत होतं. १८३९ मध्ये भोक पाडायला सुरुवात झाली, १८५० च्या दशकात खाणीचे उभे दर खाली गेले. खाली खाण्याचं मीठ होतं, पण त्याच्यावर लालसर, कडू चवीच्या क्षारांचे थर लागले. खाणवाल्यांना ते अडचण वाटले. त्यांनी त्याला नावही तसंच दिलं : 'आब्राउमझाल्त्झ', म्हणजे आधी उपसून बाजूला टाकायचे क्षार. उपसले आणि बाहेर ढीग लावले.

गावात बिटाचा साखर कारखाना होता आणि तिथे आडोल्फ फ्रांक नावाचे रसायनतज्ज्ञ कामाला होते. बीट पालाशाला फार भुकेलं पीक. या ढिगाऱ्यातल्या कार्नालाइट नावाच्या क्षारात पोटॅशियम आहे हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेलंच होतं. फ्रांक यांनी त्यातून पोटॅशियम क्लोराइड वेगळं काढण्याची रीत बसवली आणि १८६१ मध्ये कारखाना उभा केला. खनिज पोटॅशच्या उद्योगाचा आरंभ तिथून धरतात. साखर कारखान्यातल्या माणसाने, शेजारच्या कचऱ्यातून, पिकाच्या गरजेसाठी काढलेली ही वाट आहे.

याचा फटका आपल्यालाही बसला. चिलीहून येणारा सोडियमचा सोरा आणि स्टासफुर्टचं पोटॅशियम क्लोराइड यांची अदलाबदल करून जर्मन कारखाने पोटॅशियमचा सोरा बनवू लागले. बिहारच्या खरवडलेल्या मातीची सद्दी संपत आली.

एकाच दुकानाची बाजारपेठ

पुढची पन्नास वर्षं जगात पालाश विकणारं जवळजवळ एकच दुकान होतं. खाणी वाढल्या, भाव पडू लागले, तेव्हा खाणवाल्यांनी १८८० च्या दशकात मिळून सिंडिकेट बांधलं : कुणी किती काढायचं, काय भावाने विकायचं, सगळं ठरवून. १९०९ मध्ये अमेरिकी खरेदीदारांनी काही खाणींशी परस्पर स्वस्तात सौदे केले. जर्मन सरकारने १९१० मध्ये कायदाच करून टाकला आणि खाणीखाणीचा कोटा कायद्याने बांधला. व्यापाऱ्यांच्या संगनमताला सरकारचा शिक्का मिळाला.

मग पहिलं महायुद्ध आलं. १९१५ मध्ये जर्मनीने पालाशाची निर्यात बंद केली. अमेरिकेत चाळीस डॉलरच्या आसपास मिळणारा टन काही काळ दहापटीच्या वर गेला. कापूस आणि बटाटा पिकवणारे हवालदिल झाले. तेव्हा लोकांनी काय काय केलं ते बघण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर बोटींनी समुद्रशेवाळ कापून आणलं आणि त्यातून पोटॅश काढलं. नेब्रास्कात खारी तळी आटवली. सिमेंटच्या भट्टीच्या धुळीतूनही काढलं. युद्ध संपलं, जर्मन आणि फ्रेंच माल परत आला, आणि यातले बहुतेक उद्योग बसले. टंचाईत जन्मलेला उद्योग स्वस्ताईत टिकायचा असेल तर त्याच्याकडे भावाशिवाय दुसरंही काही बळ लागतं, हा धडा आपण बाजूला ठेवू. पुढे उपयोगी पडेल.

या धक्क्याने जग नवे साठे शोधायला लागलं. अल्सासमध्ये १९०४ मध्येच साठा सापडला होता. युद्धानंतर तो प्रांत फ्रान्सकडे गेला. मक्तेदारी मोडली म्हणावं, तर १९२० च्या दशकात फ्रेंच आणि जर्मनांनी अमेरिकेची बाजारपेठ आपसांत वाटून घेतली. १९२५ मध्ये न्यू मेक्सिकोत कार्ल्सबादजवळ तेलासाठी पाडलेल्या भोकात पोटॅश लागलं. त्याच वर्षी रशियात उरलच्या पायथ्याशी, सोलिकाम्स्कला. मृत समुद्रावर मोशे नोवोमेयस्की या सैबेरियात जन्मलेल्या अभियंत्याने १९३० मध्ये सवलतीचा करार मिळवला. तिथे खाण नाही. आपल्याकडे उरण-वसईला मिठागरं असतात तशीच उथळ तळी, उन्हात पाणी आटवायचं. फरक एवढाच, की तिथे आधी साधं मीठ बसतं ते बाजूला ठेवायचं, आणि मागे उरलेल्या कडू पाण्यातून कार्नालाइट धरायचा.

सगळ्यात मोठा साठा कॅनडात, सस्कॅचवान प्रांतात. १९४० च्या दशकात तेल शोधतानाच सापडला, जवळजवळ किलोमीटरभर खोल. वर पाण्याने भरलेले वाळूचे थर होते आणि मीठ नि पाणी यांचं वैर आपल्याला माहीत आहे. पहिली खाण १९५८ मध्ये सुरू झाली आणि पाण्यामुळे वर्षभरात थांबली. एस्टरहेझीला मग जमीन गोठवून, बिडाची कडी बसवत दर खाली नेला, तेव्हा कुठे १९६२ मध्ये उत्पादन सुरू झालं. पुढे खाणी इतक्या झाल्या की भाव कोसळले. मग प्रांताच्या सरकारने उत्पादनावर मर्यादा घातली, १९७० च्या दशकात बऱ्याच खाणी सरकारी कंपनीकडे घेतल्या, आणि १९८९ मध्ये त्या कंपनीचे शेअर परत खासगी हातांत गेले. परदेशी विक्रीसाठी 'कॅनपोटेक्स' ही उत्पादकांची सामाईक संस्था तेव्हापासून आजवर आहे. म्हणजे स्टासफुर्टचा धडा कॅनडाने नीट गिरवला.

दाणा कशासाठी?

आता खताकडेच वळू, कारण गोणीत जे येतं त्याच्या रूपालाही इतिहास आहे.

खाणीतून निघतो तो सिल्व्हिनाइट, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड आणि साधं मीठ यांचं मिश्रण. तो दळून, मिठाने तृप्त केलेल्या पाण्यात घालून, विशिष्ट रसायन मिसळून हवेचे बुडबुडे सोडतात. पोटॅशचे कण बुडबुड्यांना चिकटून वर तरंगतात, मीठ खाली राहतं. या रीतीने काढलेल्या मालात लोहाचा अंश राहतो, म्हणून रंग लाल. पाण्यात विरघळवून पुन्हा स्फटिक केला तर पांढरा. लालमध्ये दम जास्त आणि पांढऱ्यात कमी, असं बाजारात बोलतात. पिकाला दोन्ही सारखेच.

गोणीवर '६० टक्के' लिहिलेलं असतं, त्याचीही एक गंमत आहे. तो आकडा पोटॅशियम ऑक्साइडचा असतो आणि गोणीत ऑक्साइड मुळीच नसतं. जुन्या रसायनतज्ज्ञांनी राखेचा हिशेब ऑक्साइडमध्ये मांडला, तोच रिवाज पडला. शुद्ध पोटॅशियम क्लोराइडचा आकडा या हिशेबाने ६३ येतो. ६० म्हणजे माल साधारण ९५ टक्के शुद्ध.

हा माल वाळवला की साखरेसारखा बारीक असतो. त्याला दमट हवा सोसत नाही. तीस अंश तापमानाला हवेतली आर्द्रता ८४ टक्क्यांच्या वर गेली की तो पाणी ओढायला लागतो, आणि आपल्या पावसाळ्यात ती सहज जाते. हवा कोरडी झाली की तेच पाणी उडतं, कण एकमेकांना धरतात आणि गोणीचा दगड होतो. गोदामात थप्पीच्या तळच्या गोण्या हातोडीने फोडाव्या लागतात, हे खत विकणाऱ्या कुणालाही विचारा.

दाणेदार पोटॅश हा त्यावर एक उपाय, पण त्याचा जन्म मुख्यतः दुसऱ्या कारणाने झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत नवी पद्धत रुजली. गावातल्या खत दुकानदाराने तीन सुटी खतं मोठ्या ढोलात मिसळायची आणि शेताच्या गरजेप्रमाणे मिश्रण द्यायचं. पण चिवड्याचा डबा हलवला की बारीक शेव आणि मसाला तळाला जातो, तसंच इथे झालं. डीएपीचा दाणा मोठा, पोटॅश बारीक; ट्रकमध्ये हिंदकळून पोटॅश खाली बसलं. शेताच्या एका पट्ट्यात पालाश जास्त, दुसऱ्यात नाही. तेव्हा सगळ्यांचे दाणे सारख्या मापाचे हवेत, अशी मागणी आली.

दाणा करायची रीत सोपी वाटते. बारीक पोटॅश गरम करायचं आणि उलट दिशांनी फिरणाऱ्या दोन जड रुळांमधून, उसाच्या चरकातून जावं तसं, प्रचंड दाबाने काढायचं. डिंक नको, पाणी नको. दाबानेच कण एकजीव होतात आणि पाटीसारखी वडी निघते. ती फोडायची, चाळायची, साधारण दोन ते चार मिलिमीटरचा दाणा ठेवायचा, बारीक परत रुळाखाली. धूळ उडू नये म्हणून तेलाचा हलका हात. वीज आणि यंत्राची झीज यांमुळे दाणेदार मालाला बाजारात चार पैसे जास्त पडतात.

आज पालाशाच्या व्यापारात हे दोन वेगळे बाजार आहेत. ब्राझील आणि अमेरिका दाणेदार घेतात, कारण तिथे यंत्राने फेकतात नि मिश्रणं करतात. भारत आणि चीन मुख्यतः बारीक, 'स्टँडर्ड' माल घेतात. आपल्याकडे बराच भाग १०:२६:२६ सारखी संयुक्त खतं बनवायला कारखान्यांत जातो, उरलेला गोणीतून शेतकऱ्याकडे.

आपली खरेदी

भारतात १९५५ मध्ये इंडियन पोटॅश सप्लाय एजन्सी स्थापन झाली. तीच पुढे इंडियन पोटॅश लिमिटेड. दख्खनच्या काळ्या जमिनीत पालाश मुळातच भरपूर, असं मानलं जाई आणि ते पुष्कळ अंशी खरंही होतं. पण ती शिल्लक आहे, उत्पन्न नव्हे. टनभर ऊस शेताबाहेर गेला की किलोभराहून जास्त पालाश त्याच्याबरोबर जातो. एकरी चाळीस-पन्नास टन काढणाऱ्याने याचा गुणाकार करून बघावा. केळी तर त्याहून खादाड.

२५ ऑगस्ट १९९२ ला सरकारने स्फुरद आणि पालाशावरचं दरनियंत्रण उठवलं, युरियाचं ठेवलं. परिणाम एका वर्षात दिसला. देशातल्या वापराचं नत्र, स्फुरद, पालाश हे प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९ : २.४ : १ होतं, १९९२-९३ मध्ये ते ९.५ : ३.२ : १ झालं. पिकाची भूक तीच होती, फक्त दुकानातला भाव बदलला. एप्रिल २०१० पासून पोषकद्रव्याच्या किलोवर ठरावीक अनुदान द्यायची योजना आली. युरिया तिच्याही बाहेरच राहिला.

आणि बाहेरचा भाव कसा हलतो बघा. आपल्या आयातदारांनी २००८ मध्ये टनाला ६२५ डॉलरने सौदा केला. जुलै २०१३ मध्ये रशियाच्या उरलकालीने बेलारूसबरोबरची विक्रीची भागीदारी मोडली. महिनाभरात कंपनीचे प्रमुख मिन्स्कला चर्चेला गेले आणि तिथेच अटकेत पडले. दोन विक्रेत्यांचं भांडण झालं आणि जगभर भाव उतरला. २०१६ मध्ये आपण २२७ डॉलरने घेतलं. २०२२ मध्ये बेलारूसवरच्या निर्बंधांनंतर आणि युक्रेन युद्धात ५९० डॉलर. त्या वर्षी आपल्या दुकानात पन्नास किलोची गोणी १,७०० रुपयांच्या घरात होती आणि शेजारी युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. सांगा, हात कुठल्या गोणीकडे जाईल?

पुन्हा साखर कारखान्यात

इथे आपण सुरुवातीच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येतो. उसाने उचललेला पालाश जातो कुठे? साखरेत तो नसतो. तो राहतो मळीत, म्हणजे मोलॅसिसमध्ये. मळीपासून अल्कोहोल काढलं की तो उरतो स्पेंट वॉशमध्ये. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर असं हे काळं, उग्र वासाचं पाणी. आसवनीजवळच्या गावांना त्याची ओळख करून द्यायला नको. ओढे नि विहिरी कशाने नासल्या हे तिथली माणसं सांगतील. प्रदूषणाचे नियम कडक झाले, पाणी बाहेर सोडायची बंदी आली, तेव्हा अनेक आसवन्यांनी स्पेंट वॉश आटवून बॉयलरमध्ये जाळायला सुरुवात केली. जी राख उरली, तिच्यात उसाने शेतातून आणलेला पालाश होता.

केंद्र सरकारने या राखेपासून केलेल्या खताला 'मळीपासूनचं पोटॅश', व्यवहारात पीडीएम, असं नाव दिलं आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये अनुदानाच्या योजनेत घेतलं. किमान प्रमाण १४.५ टक्के. राख उडते, म्हणून तिचा दाणा करावा लागतो. २०२४ मध्ये कारखाने आणि खत कंपन्यांमध्ये टनाला ४,२६३ रुपये भाव ठरला, वर तेव्हाच्या दराने ३४५ रुपये अनुदान.

कल्पना नवी नाही. बिटाच्या मळीतून उरलेलं पाणी आटवून, जाळून पोटॅश काढण्याचा उद्योग युरोपात एकोणिसाव्या शतकातच होता. स्टासफुर्टच्या स्वस्त मिठापुढे तो मागे पडला. म्हणून आमचं म्हणणं असं, की अभिमानाने फुगून न जाता हिशेब करावा. एक टन पालाश शेतात पोचवायला एमओपीचे पावणेदोन टनांहून थोडं कमी वाहावे लागतात. पीडीएमचे जवळजवळ सात टन. कोल्हापूरचं पीडीएम ट्रकने पंजाबात नेणं म्हणजे डिझेल जाळणं. पण त्याच कारखान्याच्या सभासदाच्या उसात, वीस-तीस किलोमीटरवर, ते परत गेलं तर वाहतूक थोडी आणि पालाशही ज्या शिवारातून आला त्याच शिवारात. कॅलिफोर्नियाच्या शेवाळवाल्यांकडे हे बळ नव्हतं. त्यांना दूरच्या मालाशी भावातच झुंजावं लागलं. आपल्याकडे कच्चा माल, ग्राहक आणि गाडीवाट तिन्ही एकाच तालुक्यात आहेत.

याने आयात थांबेल असं कुणी म्हणू नये. देशाची गरज मोठी आहे आणि राख मोजकी. पण मिन्स्कमध्ये कुणाला अटक झाली म्हणून शिरोळ-कागलच्या शेतकऱ्याची गोणी महाग-स्वस्त व्हावी, या अवस्थेत थोडी तरी घट होईल. त्यासाठी दोन साध्या गोष्टी लागतील. एक, कारखान्याच्या वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर सभासदाने हेही विचारावं : आपल्या उसातला पालाश कुणाला विकला आणि आपल्याला तो काय भावाने मिळणार? दुसरी, गोणी घेताना रंग आणि दाणा बघून झाला की टक्केवारीचा आकडा वाचावा आणि माती परीक्षणाच्या कागदाशी ताडून बघावा. १४.५ टक्क्यांची गोणी ६० टक्क्यांच्या हिशेबाने टाकली, तर पिकाला पाव हिस्साच मिळेल.

प्रश्न असतील तर घेऊ या.